सामान्य ध्वनिमुद्रिकांचे मोल : एक विचार

दुर्मिळ वस्तूला किंमत येते, हे विधान इतके परिचित आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या, जुनी नाणी, चुकून उलटी छापली गेलेली टपाल-तिकिटे यांच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात जे घडले, ते ह्या विधानाच्या चौकटीत पुरते बसत नाही. तेथे दुर्मिळ तबकड्यांचे भाव चढले हे तर झालेच. पण त्यांच्या बरोबरीने, लाखोंच्या संख्येने निघालेल्या, एके काळी घरोघरी असलेल्या आणि पुढे रद्दीच्या मोलाने गेलेल्या तबकड्यांचेही भाव चढले. दुर्मिळाची किंमत वाढणे हा व्यापारातला नित्याचा प्रकार होय. सामान्याची किंमत वाढते, तेव्हा मात्र ती वस्तू कोणाच्या नजरेत आणि कशामुळे बदलली, हा प्रश्न उपस्थित होतो. आणि तो केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही.

ह्या प्रश्नाच्या जवळपास जाणारी सर्वांत समर्थ मांडणी मायकेल टॉम्प्सन ह्या इंग्रज मानवशास्त्रज्ञाच्या ‘रबिश थिअरी’ (१९७९) ह्या ग्रंथात आढळते. टॉम्प्सनच्या मते समाज आपल्या वस्तूंचे दोन उघड वर्ग करतो. एक क्षणिक वस्तूंचा : त्यांचे मूल्य दिवसेंदिवस घटत जाते. दुसरा टिकाऊ वस्तूंचा : त्यांचे मूल्य दिवसेंदिवस वाढत जाते. क्षणिक वस्तू थेट टिकाऊ वर्गात जाऊ शकत नाही. तिला आधी तिसऱ्या, अघोषित अशा वर्गातून, म्हणजे कचऱ्यातून, जावे लागते. तेथे तिचे मूल्य शून्य झालेले असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते; म्हणूनच एखादा जाणता वा विक्षिप्त मनुष्य तिला उचलून नवे मूल्य देऊ शकतो. व्हिक्टोरियाच्या काळात कॉव्हेंट्रीत विणली जाणारी स्वस्त रेशमी चित्रे आणि लंडनमधील इस्लिंग्टन भागातील पडकी घरे ही त्याची उदाहरणे.

वरवर पाहता ध्वनिमुद्रिकेचा इतिहास ह्या सिद्धान्तासाठीच घडल्यासारखा दिसतो. व्हायनिलची दीर्घ तबकडी अमेरिकेत १९४८ मध्ये आली. तेथील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार १९७८ मध्ये अशा सुमारे ३४ कोटी तबकड्या बाजारात गेल्या. १९९३ मध्ये ही संख्या १२ लाखांच्या आसपास उतरली. कॅसेटने आणि नंतर कॉम्पॅक्ट डिस्कने तिला घरांतून बाहेर काढले. त्यानंतर पारडे फिरले. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख व्हायनिल तबकड्या खपल्या, तर कॉम्पॅक्ट डिस्क ३ कोटी ३० लाख; १९८७ नंतर प्रथमच तबकडीचा खप डिस्कहून अधिक झाला. क्षणिक, मग कचरा, मग टिकाऊ. सिद्धान्ताच्या तिन्ही पायऱ्या येथे आहेत.

मात्र सिद्धान्ताची खरी कसोटी सर्वसाधारण आलेखावर लागत नाही. ती एकेका तबकडीवर लागते. ‘फ्लीटवुड मॅक’ ह्या वाद्यवृंदाची ‘रूमर्स’ ही तबकडी ४ फेब्रुवारी १९७७ रोजी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील खपाच्या यादीत ती ३१ आठवडे पहिल्या स्थानी होती आणि जगभर तिच्या सर्व स्वरूपांतील प्रती ४ कोटींहून अधिक खपल्याचे मानले जाते. ही तबकडी कोणत्याही अर्थाने दुर्मिळ नाही. अमेरिकेत जुन्या तबकड्यांचे असे दुकान क्वचितच असेल, जेथे ती कधी आली नाही. शतकाच्या वळणावर ती दुकानाच्या दाराशी ठेवलेल्या, एकेका डॉलरच्या खोक्यांत पडलेली असे. आज तिची बऱ्या स्थितीतली जुनी प्रत वीस-तीस डॉलरांना विकली जाते. ती नष्ट झाली नाही, छपाईतून बाद झाली नाही, तिच्यातील गाणी विस्मरणात गेली नाहीत. नव्या प्रती सतत निघत आहेत आणि खपत आहेत. तिला उचलणारा कोणी विक्षिप्त जाणता पुरुष नव्हता. २०२० च्या शरदात तिच्यातील ‘ड्रीम्स’ हे गाणे एका छोट्याशा चलच्चित्रामुळे पुन्हा घराघरांत पोहोचले आणि ऑक्टोबरात ती तबकडी खपाच्या यादीत पहिल्या दहांत परतली, हे खरे. पण भाव त्याआधीच चढू लागले होते.

अशा तबकडीच्या भाववाढीला टॉम्प्सनचा कचरा पुरेसा पडत नाही. त्याच्या जागी दोन अगदी गद्य कारणे मांडता येतात. एक कारण नव्या तबकडीची किंमत हे होय. नव्या आवृत्तीला पंचवीस-तीस डॉलर पडू लागले की जुनी प्रत एक डॉलरला विकण्याचे दुकानदाराला प्रयोजन उरत नाही. ग्राहक दोन्ही किमती शेजारी ठेवून पाहतो आणि जुनीची किंमत नवीच्या दिशेने ओढली जाते. दुसरे कारण किमतींच्या सार्वजनिक नोंदीचे आहे. ‘डिस्कॉग्ज’ ही संगणकीय सूची २००० मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती ध्वनिमुद्रिकांची केवळ वर्णनात्मक सूची होती. पुढे तिला बाजार जोडला गेला आणि प्रत्येक आवृत्तीपुढे पूर्वी झालेल्या विक्रीचा किमान, मध्यम व कमाल भाव दिसू लागला. एक डॉलरचे खोके हे अज्ञानावर चालत होते. विकणाऱ्याला आपल्याजवळ काय आहे हे पाहण्याचे श्रम परवडत नव्हते. आता ते श्रम अर्ध्या मिनिटाचे झाले. तेव्हा सामान्य तबकडीची जी भाववाढ दिसते, तिच्यातील बराच भाग हा वस्तूच्या मूल्याचा नसून अज्ञानाच्या लोपाचा आहे. सूचीकाराच्या निरुपद्रवी व्यवसायातून बाजारभाव जन्मावा, ही ग्रंथसूची करणाऱ्यांनीही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

तथापि ही दोन्ही कारणे मान्य केली तरी एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाजारात ‘रूमर्स’ची किंमत एक नाही. एकाच आवृत्तीची एक प्रत तीन डॉलरला आणि दुसरी पन्नासला जाते. हा भेद स्थितीचा आहे. संग्राहकांची ह्यासाठी ठरलेली परिभाषा आहे : ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हेरी गुड प्लस’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’ अशी उतरंड. (ह्या परिभाषेत ‘गुड’ म्हणजे सतत करकरणारी, जवळजवळ टाकाऊ तबकडी होय. व्यापाराने भाषेवर केलेल्या अत्याचारांत ह्याची गणना व्हावी.) दुर्मिळता आवृत्तीत मोजली जात नाही, प्रतीत मोजली जाते, आणि प्रत ही वापराने झिजते. येथे सामान्य तबकडीचे खरे वैचित्र्य उघड होते. जी तबकडी लोकांना फार आवडली, ती फार वाजवली गेली. मेजवान्यांत वाजली, मित्रांकडे गेली, वेष्टनाबाहेर राहिली, तिच्यावर पेले सांडले. जी आवडली नाही, ती एकदा ऐकून कपाटात ठेवली गेली आणि पन्नास वर्षांनी जशीच्या तशी बाहेर आली. परिणामी लाखो प्रतींनी खपलेल्या लोकप्रिय तबकडीची निर्दोष प्रत तिच्या एकूण संख्येच्या मानाने विरळ असते. लोकप्रियतेने तबकडी सामान्य केली आणि लोकप्रियतेनेच तिची निष्कलंक प्रत असामान्य केली. बाजार आज ज्याला मोठी किंमत देतो, ती ऐकली न गेलेली प्रत होय. प्रेमाने ज्या वस्तूला स्पर्श केला नाही, तिला प्रेमाच्या नावाने किंमत येते.

वॉल्टर बेन्यामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात (१९३६) असे प्रतिपादन केले की प्रतींच्या बाहुल्याने मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय मावळते. संग्राहकांच्या व्यवहाराने त्याला एक अनपेक्षित पुरवणी जोडली आहे. वलय मावळले नाही. ते गायनावरून उठून प्रतीवर जाऊन बसले, आणि तेही अस्पृष्ट प्रतीवर. त्याच बेन्यामिनने १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहकाची बाजू मोठ्या जिव्हाळ्याने मांडली होती. परंतु त्याचा संग्राहक आपल्या वस्तूंचे पूर्वचरित्र जिवापाड जपणारा होता. आजच्या श्रेणीकरणात हे पूर्वचरित्र, म्हणजे वेष्टनावरील मालकाची सही, दुकानाचा शिक्का, भेटीची तारीख, हा दोष म्हणून नोंदवला जातो आणि त्यासाठी किंमत कापली जाते.

महाराष्ट्रातील स्थिती पाहू गेल्यास टॉम्प्सनच्या सिद्धान्ताला आणखी एक दुरुस्ती करावी लागते. त्याचा कचरा शून्य मोलाचा आणि नजरेआड झालेला आहे. पण ज्या समाजात दारोदार रद्दीवाला व भंगारवाला फिरतो, तेथे वस्तूचे मोल सहसा शून्य होत नाही. ते वजनावर येते. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटच्या आसपास, जुन्या तबकड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या त्या ह्याच वाटेने आलेल्या. घरातील वृद्ध माणूस गेले, घर पाडले गेले किंवा बिऱ्हाड हलले की ग्रामोफोन, पितळी भांडी आणि तबकड्या एकाच हातगाडीवर चढतात. ह्या प्रवासात वस्तूची किंमत जात नाही, तिचे नाव जाते. बालगंधर्वांची तबकडी ही ‘एक तबकडी’ होते. संग्राहक पुढे जे करतो ते शून्याला मूल्य देणे नव्हे, तर वजनाला पुन्हा नाव देणे होय. ह्या दोहोंतील अंतर मोठे आहे. कारण नाव देण्यासाठी ज्ञान लागते, आणि ते ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांत व्यापारी अल्पसंख्य होते.

भारतात हे ज्ञान मुख्यतः विद्यापीठांबाहेर जमा झाले, हे येथे नमूद केले पाहिजे. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधील आरंभीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही हौशी संग्राहकांची संस्था स्थापन झाली आणि तिने आपले नियतकालिकही चालवले. ‘यंग इंडिया’ आणि ‘ओडियन’ ह्या छापांच्या लाखेच्या तबकड्यांचे संगणकीय जतन ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांविषयीच्या योजनेतून झाले, ते ह्याच मंडळींच्या परिश्रमाने. नाट्यसंगीताचा आणि भावगीताचा अभ्यास करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला जे आधार उपलब्ध आहेत, त्यांत अशा खासगी संग्रहांचा वाटा मोठा आहे. म्हणून संग्राहकाला केवळ साठेबाज समजणे अन्यायाचे होईल. भाव चढण्यापूर्वीचा संग्राहक बहुधा गाण्याच्या मागे होता. भाव चढल्यानंतर त्या गर्दीत गुंतवणूकदार मिसळला, आणि बाहेरून पाहता दोघे सारखेच दिसतात.

लाखेच्या तबकडीची झीज हा स्वतंत्र विषय आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर फिरणारी पोलादी सुई आणि तिच्यावरील जड ध्वनिपेटी ह्यांचा भार इतका असे की प्रत्येक वादनात खाचेची थोडी भिंत खरवडली जाई. सुई दर बाजूला बदलावी असा नियम होता. सुईला पैसे पडत, म्हणून तो पाळला जात नसे. खूप वाजवलेली तबकडी काळी राहत नाही, करडी पडते. त्यातही जेथे आवाज मोठा आणि उंच, तेथे खाच अधिक वळणाची असल्याने झीज अधिक. नाट्यपदाच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर तारसप्तकातील तानेच्या जागी आवाज फाटतो, तो ह्यामुळे. ज्या तानेसाठी तबकडी घेतली गेली, तीच तान सर्वांत आधी नष्ट होते. सुधीर फडके यांच्या स्वरांतील ‘गीतरामायणा’च्या दीर्घ तबकड्यांची गोष्ट थोडी निराळी. तेथे सुई हलकी झाली होती. पण तो संच होता, आणि संच सामान्य घरात फार काळ एकत्र राहत नाही. एखादी तबकडी शेजारी गेली की परत येत नाही. एकेक तबकडी सापडणे आणि सबंध संच सापडणे ह्यांत म्हणूनच मोठे अंतर पडते, आणि बाजार ते अंतर रुपयांत मोजतो.

सामान्यपणा हा देशकालसापेक्ष असतो, ह्याचे लक्षणीय उदाहरण कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्याने पुरवले आहे. इंग्लंडात ७८ फेऱ्यांची तबकडी १९६० च्या सुमारास संपली. भारतात अनेक घरांत वीज नव्हती, चावीचा ग्रामोफोन मात्र होता. त्यामुळे ती येथे त्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिली. ह्याच काळात ‘बीटल्स’ची गाणी ‘पार्लोफोन’च्या शिक्क्याखाली दमदमहून लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर बाहेर पडली. भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने तो केवळ घरातील यंत्रावर वाजणारा, नेहमीचा प्रकार होता. आज पाश्चात्त्य संग्राहक त्यांच्यासाठी मोठ्या रकमा मोजतात. काही प्रतींना हजार पौंडांवर किंमत आली आहे. लिव्हरपूलच्या चार तरुणांची आधुनिक गाणी आणि त्यांच्या आजोबांच्या काळातील तबकडी, हा संयोग त्यांना विलक्षण वाटतो. ज्या अभावातून, म्हणजे विजेच्या अभावातून, ती तबकडी निर्माण झाली, तो त्या किमतीत कोठेही दिसत नाही.

चढा भाव आणि सांगीतिक महत्त्व ह्यांची जी गल्लत होऊ लागली आहे, तिचा परामर्श येथे घेणे अवश्य आहे. चरणजितसिंग यांची संश्लेषक-यंत्रावरील दहा रागांची तबकडी १९८० च्या दशकाच्या आरंभी जवळजवळ अलक्षित राहिली. २०१० मध्ये हॉलंडमधून तिची पुनरावृत्ती निघाली आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. तिच्या मूळ प्रतींना मोठी किंमत आली, कारण ती खपली नव्हती. उलट ‘शोले’च्या (१९७५) संवादांची तबकडी भारतात अमाप खपली. चित्रपटाचे संवाद पाठ होण्याच्या प्रक्रियेत तिचा जो भाग आहे, तो श्रवणाच्या सामाजिक इतिहासात कोणत्याही दुर्मिळ तबकडीहून मोठा आहे. तरी भावाच्या उतरंडीत ती चरणजितसिंगांच्या फार खाली राहते. ह्यांपैकी पहिलीची सांगीतिक योग्यता येथे नाकारावयाची नाही. पण प्रबंधांची विषयनिवड जर अशा उतरंडीच्या मागे गेली, तर जे कोणी ऐकले नाही त्याचा इतिहास सविस्तर लिहिला जाईल आणि जे सर्वांनी ऐकले त्याचा लिहिलाच जाणार नाही. ग्रंथालयांच्या खरेदीतही हाच धोका आहे. मर्यादित अनुदानात एक निर्दोष पहिली आवृत्ती घ्यावी की त्याच रकमेत वापरलेल्या वीस-पंचवीस सामान्य तबकड्या, असा प्रश्न आला, तर प्रतिष्ठेचा कौल पहिल्या बाजूने पडतो. ध्वनी ऐकण्यापुरते पाहिले, तर तो कौल समर्थनीय आहे. स्वच्छ प्रतीवरूनच चांगले प्रतिध्वनिमुद्रण होते.

मात्र ध्वनी हा तबकडीवरील एकच पुरावा नव्हे. दीर्घ तबकडीवर दोन गाण्यांमध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, तेथे सुई हाताने ठेवल्याचे बारीक ओरखडे उमटतात. एखाद्या गाण्याआधी असे ओरखडे दाट आणि इतरत्र विरळ असले, तर त्या घरात कोणते गाणे पुन्हापुन्हा ऐकले गेले, हे प्रत उजेडात तिरकी धरताच दिसते. ‘रूमर्स’च्या पहिल्या बाजूवर ‘ड्रीम्स’ दुसऱ्या क्रमांकावर आहे. ते ऐकण्यासाठी सुई मध्येच ठेवावी लागते. दुसरी बाजू ‘द चेन’ने सुरू होते, तेथे असा पुरावा मिळणार नाही, कारण सुई तशीही काठावरच ठेवली जाते. लाखेच्या तबकडीच्या दोन बाजूंपैकी एकच करडी पडलेली असते, तेव्हा तेथेही असाच निवाडा नोंदवला गेलेला असतो. खपाचे आकडे काय विकले गेले ते सांगतात. ऐकले काय गेले, ते ह्या खुणा सांगतात. ‘व्हेरी गुड’ किंवा ‘गुड’ ह्या शेऱ्यात त्या सगळ्या एकत्र गडप होतात. ध्वनिसंग्रहांच्या नोंदपत्रकांत सामान्यतः आवृत्ती, क्रमांक, गायक, राग, श्रेणी असे रकाने आढळतात. झीज कोणत्या बाजूला आणि कोणत्या गाण्यापाशी आहे, वेष्टनावर कोणाची सही आणि कोणत्या गावच्या दुकानाचा शिक्का आहे, ह्यासाठी रकाना आखणे फारसे कठीण नाही. आणि तीन डॉलरची प्रत अजून तीन डॉलरला मिळते आहे.